वरच्या गावची मंदाताई

मंदाताईंच्या पर्समध्ये गुलाल असायचा. छोट्या प्लास्टिकच्या डबीत, झाकणाला वरून रबर लावलेलं. पहिल्या दिवशी तो पाहिला तेव्हा मला वाटलं, बाई भाविक दिसतात, वाटेत कुठल्या तरी देवळात जाऊन आल्या असतील. पाण्याचं काम करणाऱ्या अकोल्याच्या आमच्या संस्थेत मी नकाशे काढायच्या कामावर नुकताच लागलो होतो आणि त्या माझ्या वरिष्ठ होत्या. शिक्षण, मागची नोकरी, घरी कोण कोण, यातलं काहीच त्यांनी विचारलं नाही. एवढंच विचारलं, "वानखडे भाऊ, तुमच्या घरचं सांडपानी जाते कुठं?"

मी म्हणालो, "नालीत."

"अन् नाली?"

"जात असेल पुढं कुठंतरी."

"चाला मंग, पाहून येऊ," म्हणाल्या आणि चप्पल पायात सरकवून निघाल्यासुद्धा.

मे महिन्यातली अकोल्याची दुपार होती. अशा वेळी इथली कुत्रीसुद्धा सावली सोडत नाहीत. मला तर चालण्याचा पहिल्यापासूनच कंटाळा. पण नवी नोकरी, करता काय! माझ्या घरी येऊन त्यांनी बायकोकडून दोन बादल्या पाणी मागून घेतलं, मोरीत गुलाल टाकला, वरून पाणी ओतलं आणि छत्री उघडून नालीच्या कडेकडेनं चालू लागल्या. मी मागं. लाल पाणी एका घरामागून दुसऱ्या घरामागं, रस्त्याखालून, उकिरड्याला वळसा घालून चाललेलं. आमच्या गल्लीतल्या एकानं खिडकीतून ओरडून विचारलं, "काय वानखडे, कोन निवडून आलं?" शेवटी ते पाणी नदीत जिथं उतरलं तिथं दोन बाया धुणं धूत बसल्या होत्या. त्यातली एक माझ्याच ओळखीची, आमच्याकडे भांडी घासायला येणारी. मंदाताई तिच्याकडे बघून हसल्या आणि मला म्हणाल्या, "झाली वळख? आता कामाले लागा."

पुढं अनेक वर्षं आम्ही बरोबर काम केलं, पण त्यांचं पहिलं वाक्य कधी बदललं नाही. कुठल्याही गावात गेलो की सरपंच खुर्ची पुढं करायचा, चहा मागवायचा आणि पाणी कसं कमी येतं, नळ कसा चार दिवसांनी सुटतो, याचं गाऱ्हाणं सुरू करायचा. ताई सगळं ऐकून घ्यायच्या. मग म्हणायच्या, "पानी येते कुठून हे सगळ्याइले मालूम असते, भाऊ. नळ नाही आला त माणूस बोंबलतेच. जाते कुठं, थे सांगा मले." सरपंच ग्रामसेवकाकडे बघायचा. मग पर्समधून डबी निघायची आणि पोरंसोरं, म्हातारे, ग्रामसेवक अशी सगळी वरात नालीच्या मागं निघायची.

दिसायला अगदी साध्या. सुती पातळ, खांद्यावर ओला पंचा, पायात जाड टायरच्या तळव्याची चप्पल. आवाज मात्र खणखणीत. पुण्याहून एकदा आमच्याकडे कोणी साहेब आले होते, ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई फार रागावल्यात का?" मी म्हटलं, "नाही साहेब, त्या तुम्हाला जेवायला बोलावत आहेत." आमच्याकडे प्रेमही असंच अंगावर येतं. ताई स्वतःच सांगायच्या, "आमी वऱ्हाडी लोकं. तोंडानं फटकळ. बोलतो अन् इसरतो."

त्या एकट्या राहत. नवरा लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता, मूलबाळ नव्हतं. भाड्याच्या दोन खोल्या, एक तुळस, एक रेडिओ. ऑफिस सुटलं तरी त्यांची उठायची घाई नसायची. आम्ही घड्याळाकडे बघत टेबलं आवरायचो, त्या म्हणायच्या, "जा तुमी, पोरं वाट पाहत असतीन. मी लावतो कुलूप." आमच्याकडच्या बाया 'मी जातो, मी करतो' असंच बोलतात. किती तरी संध्याकाळी मी गाडी काढताना वर पाहिलं तर त्या खिडकीशी नुसत्या उभ्या असायच्या. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू. पण त्यांना तसं बोलून दाखवायची सोय नव्हती, लगेच टोला बसायचा.

एकच माणूस त्यांच्या बोलण्यात सारखा यायचा, धाकटा भाऊ दिनकर. आई लवकर गेली तेव्हा हा रांगत होता. ताईंनीच त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला. "आमचा दिन्या," म्हणून सुरू झाल्या की संपायचं नाव नाही. दिन्यानं नव्या म्हशी घेतल्या, दिन्यानं संत्र्याची बाग लावली, दिन्याला गुळाचा चहाच आवडतो. दिवाळीला, पोळ्याला त्या हिवरखेडच्या बाजूला माहेरी जायच्या आणि परतताना पिशवीभर संत्री आमच्यासाठी आणायच्या. बाकी सगळं वर्ष त्या चार-सहा दिवसांवर काढत असाव्यात.

आता त्या नदीबद्दल सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते तिच्यापायीच. आम्ही तिला जांभळी म्हणतो. सातपुड्यातून उतरते, हिवरखेडच्या शिवारातून तेल्हाऱ्याच्या अंगानं खाली येते आणि पूर्णेला मिळते. वरच्या अंगाला पायथ्याशी विहिरींना गोड पाणी. केळी, संत्री, सगळं हिरवंगार. खाली आलं की खारपाणपट्टा लागतो. तिथं विहीर खोदा, बोअर मारा, पाणी खारटच. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. त्यामुळे खालच्या गावांना पिण्यासाठी नदीच्या पात्रातली एक विहीर, तेवढाच आधार. आणि त्या विहिरीत वरच्या सगळ्या गावांच्या नाल्या, उकिरडे, गोठे थेंबाथेंबानं पोचत होते. पोरं जुलाबानं आजारी पडायची. आमच्या संस्थेकडे काम होतं ते या अख्ख्या खोऱ्याचा आराखडा करायचं. म्हणजे एकेका गावाचा वेगळा विचार करायचा नाही, डोंगरापासून पूर्णेपर्यंत सगळं एक धरायचं. कुठून काय नदीत पडतं ते नकाशावर लाल ठिपक्यानं दाखवायचं आणि ते कसं थांबवायचं ते गावांनी मिळून ठरवायचं.

खालच्या गावात हनीफभाई होते. सायकल-मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान, आणि गावाच्या पाणी समितीचं सगळं तेच बघायचे. त्यांच्या नातीला त्या पाण्यानं दवाखान्यात ठेवावं लागलं होतं. पहिल्याच बैठकीत ते उभे राहिले. "आपा, आमाले काय इचारता? हीर खोदली त नमक, नदीचं पेलं त बीमारी. जाके ऊपरवालों को पूछो. सारी गंदगी तिकूनच येते." सगळी सभा हो हो म्हणाली. ताई शांतपणे म्हणाल्या, "हनीफभाई, बराबर आहे तुमचं. पन तुमच्या खाली गाव आहे का नाही?"

"है ना, दोन गावं आहेत."

"मंग थे तुमाले काय म्हनत असतीन?"

हनीफभाई डोकं खाजवत खाली बसले आणि स्वतःच हसायला लागले. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी दुकानातलं जळकं ऑईल नाल्यात ओतायचं बंद करून टाकीत साठवायला सुरुवात केली आणि ताईंना मुद्दाम फोन करून ते सांगितलं.

ताईंनी या कामासाठी एक रीत पाडली होती. वरच्या गावाची नाली-फेरी असली की तिला खालच्या गावची माणसं पाहुणी म्हणून न्यायची. जेवण वरच्या गावानं घालायचं. "ज्यांच्या ताटात आपली घान जाते, थ्याइले एकदा आपल्या ताटात जेवू घालावं," असं त्या म्हणायच्या. भांडणं होतील म्हणून मी घाबरायचो, पण जेवल्यावर माणूस फारसा भांडत नाही हे मला तिथं कळलं. वांग्याची भाजी, रोडगे, वर तुपाची धार. माझं वजन त्या काळात भलतंच वाढलं.

कामाला सुरुवात वरून करायची असं ठरलं होतं. आणि वरचं सगळ्यात पहिलं गाव म्हणजे ताईंचं माहेर.

फेरी दिनकरच्याच घरी होती. त्यानं हौसेनं सगळं केलं होतं. अंगणात मांडव, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजताहेत, वहिनी वांगी चिरताहेत. "बाईसाहेब आल्या आमच्या," म्हणून तो ताईंच्या पाया पडला. हनीफभाईंना हात धरून ओट्यावर बसवलं. ताईंचा चेहरा मी तेवढा उजळलेला कधी पाहिला नव्हता. त्या घरात पाण्याचा माठ कुठं, गूळ कुठं, हे त्यांना न बघता माहीत होतं. दहा जणांना दहा वेळा सांगितलं, "हा माहा भाऊ."

जेवणाआधी फेरी काढली. गावच्या नाल्या झाल्या. शेवटी दिनकरचा गोठा आला. मोठा गोठा होता, सिमेंटची जमीन, म्हशी एका ओळीत. रोज सकाळ-संध्याकाळ पाइप लावून धुवायचे. ते शेणामुताचं पाणी मागच्या भिंतीच्या भोकातून बाहेर पडायचं. दिनकर म्हणाला, "थे जिरून जाते शेतात. अठी काही पाहायचं नाही, ताई." ताईंनी डबी उघडली. मला वाटतं तेव्हा त्यांनाही भाऊ म्हणतो तेच खरं निघावं असं वाटत होतं. कारण गुलाल टाकून झाल्यावर त्या नेहमीसारख्या पुढं निघाल्या नाहीत, जरा थांबल्या.

गुलाल शेतात जिरला नाही. बांधाच्या कडेनं ओढ्यात आणि ओढ्यातून सरळ जांभळीत उतरला. पुढं सगळा नकाशा झाला तेव्हा कळलं, अख्ख्या वरच्या खोऱ्यातली सगळ्यात मोठी घाण ती होती. खालच्या गावची माणसं काठावर उभी राहून बघत होती. हनीफभाईंनी मात्र तोंड दुसरीकडे फिरवलं, जणू त्यांनी काही पाहिलंच नाही.

ओट्यावर परत आल्यावर ताटं वाढली जात होती आणि मी लॅपटॉप उघडून बसलो होतो. दिनकर ताईंजवळ येऊन हळूच म्हणाला, "ताई, येवढा एक ठिपका नोको लावू. मी करतो काहीतरी, सवडीनं करतो. चार गावात इज्जत जाईन माही."

ताई म्हणाल्या, "दिन्या, तो ठिपका तुया नावाचा नाही रे, पान्याचा आहे. मी आज तुया गाळला त उद्या दुसऱ्या कोनाले काय तोंड दाखवू? टाकं बांध एक. थे शेनपानी संत्र्याले दे, बाग दुप्पट होईन."

"म्हंजे लावनारच?"

"लावा लागते, बाबू."

आणि तो भडकला. सगळ्यांसमोर. "बहीन आहे का वैरीन? तुले येवढं करून घातलं, अन् तू माह्याच घरी बसून माही अब्रू काढून राहिली? जा! आजपासून ह्या घराची पायरी चढू नोको. मेली माही बहीन!" वहिनी धावत आल्या, "अवो, काय बोलून राहिले," म्हणून त्याला आत ओढू लागल्या. ताईंसमोर ताट वाढलेलं होतं. त्यांनी ताटाला नमस्कार केला, उठल्या आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. हनीफभाईंनी हातातला घास खाली ठेवला. मीही उठलो. वाटेत ताई म्हणाल्या, "वानखडे भाऊ, ठिपका लावला का?" मी म्हटलं, "लावतो ताई, घरी जाऊन." म्हणाल्या, "आता लावा." चालत्या जीपमध्ये मी तो ठिपका लावला आणि त्यांनी चष्मा पुसून तो नीट पाहिला.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, आठ दिवसांत होईल ठीक. वऱ्हाडी माणूस, बोलतो अन् विसरतो. पण ताईंनी ते शब्द धरून ठेवले. त्या वर्षी भाऊबीजेला माझी बायको म्हणाली, "ताईंना इकडे बोलवा, त्या तुम्हाला ओवाळतील." मी गेलो बोलवायला. खोलीत पाट मांडला होता, भोवती रांगोळी, शेजारी निरांजन, सुपारी, करंज्या. ताई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. त्यांनी माझं बोलणं ऐकलं आणि मान हलवली. "नाही भाऊ. थ्याची जागा आहे थे. भरून नोका टाकू." शेजारच्या बाईंनी भीतभीत सुचवलं, "ताई, भाऊ नसला की चंद्राले ओवाळतात." ताई एकदम ताडकन म्हणाल्या, "काहून? मले भाऊ नाही का?" मी तिथून निघालो तेव्हा पाट तसाच रिकामा होता आणि रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. माझ्या घरी गोडधोडाचं जेवण वाट पाहत होतं, पण मला ते गोड लागलं नाही.

आराखडा झाला. आराखडा म्हणजे कागदच, तो अंमलात यायला वर्षं गेली. एका गावानं शोषखड्डे केले, दुसऱ्यानं उकिरडे काठावरून हलवले, तिसऱ्यानं काही केलं नाही. ताई पुन्हा पुन्हा जात राहिल्या. दुपारची भाकर त्या नदीकाठी बसून खायच्या, एकट्या. मी सोबत असलो तरी जरा लांबच बसायच्या. एकदा उन्हाळ्यात आम्ही वरच्या अंगाला पाण्याचे नमुने घ्यायला गेलो. दिनकरच्या गोठ्यासमोर, नदीच्या पलीकडच्या काठावर त्या थांबल्या आणि मला हाक मारली. "वानखडे भाऊ, ओढा पाहा."

ओढा कोरडा होता. शेणाचा वासही नव्हता. वर गोठ्यामागं सिमेंटचं नवं टाकं दिसत होतं आणि त्यातून पाइप बागेकडे गेला होता.

"बांधलं पोरानं," त्या म्हणाल्या. इतक्या हळू की मला आधी कळलंच नाही. मग एकदम मोठ्यानं, "बांधलं व माय! अन् बाग पाहा कशी झाली, पाहा!" डोळे भरून आले होते, पण हसत होत्या.

मी म्हटलं, "चला ना मग. घर समोर आहे. पाच मिनिटं लागतील."

त्यांनी पंच्यानं तोंड पुसलं. "नाही. पायरी चढू नोको म्हनला तो. तो बोलवीन तवा जाईन."

"रागात बोलला हो तो. मी फोन लावतो, थांबा."

"खबरदार! भावा-बहिनीच्या मधात पडू नका. लावला त माह्याशी बोलू नका." असं म्हणून त्या खरंच चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यानंतर दरवर्षी उन्हाळ्यात त्या त्या काठावर जायच्या. कामाचं निमित्त असो की नसो. पलीकडून गोठा बघायच्या, बाग बघायच्या, वहिनी अंगणात दिसल्या तर झाडाआड व्हायच्या. मला राग यायचा त्यांचा. भाऊ तिकडे, बहीण इकडे, मध्ये गुडघाभर पाणी, आणि तेही आता स्वच्छ!

खालच्या गावात पोरांचं आजारी पडणं कमी झालं. एकदा हनीफभाई दुकानात चहा पाजत म्हणाले, "आपा, पहले तो मीटिंग में भीड होती थी. अब पानी का कोई नाम नहीं लेता. तुमचं तर कोनी नावही काढत नाही." मला वाटलं ताई दुखावतील. त्या चहा फुंकत म्हणाल्या, "पानी बरं असलं की थ्याच्याबद्दल कोन बोलते, हनीफभाई? पोट दुखलं का मानूस पोटाबद्दल बोलते." मग नातीची चौकशी केली. ती शाळेत गेली होती.

निवृत्तीनंतर त्या त्याच दोन खोल्यांत राहिल्या. चालवत नव्हतं, धाप लागायची. मी रविवारी जायचो. दर वेळी त्या विचारायच्या, "वर पाऊस कसा आहे?" त्या 'वर'चा अर्थ मला माहीत होता. मी हवामानाचं बघून सांगायचो. फोन त्यांच्या उशाशी असायचा, आणि वाजला की त्या आधी नाव बघायच्या. एका दुपारी शेजारच्या बाई ताक द्यायला गेल्या तेव्हा ताई खुर्चीतच गेलेल्या होत्या.

मग मात्र मी दिनकरला फोन लावला. आता मला बोलायला कोण अडवणार होतं! तो वहिनींना घेऊन संध्याकाळच्या आत पोचला. केस पांढरे झालेले, पायात चप्पलही धड नाही. हातात पिशवीत नवं लुगडं होतं. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडावं लागतं. हनीफभाईही खालच्या गावची माणसं घेऊन आले होते आणि अंगणात उभे होते. वहिनींनी लुगडं पांघरलं. दिनकर पायांशी बसून लहान पोरासारखा रडला. लोकांनी त्याला धरून बाहेर आणलं, मागोमाग वहिनीही आल्या.

बाहेर माझ्याजवळ उभा राहून तो म्हणाला, "भाऊ, मी टाकं बांधलं होतं. तिले मालूम होतं का?"

"होतं," मी म्हणालो. "दरवर्षी येऊन पाहून जायच्या. पलीकडच्या काठावरून."

तो माझ्याकडे बघतच राहिला. "पलीकडून? अन् घरी आली नाही? काहून? आमी दर दिवाळीले वाट पाहो. बायको म्हने फोन करा, मी म्हनो, थे ठिपक्यावरून रुसली आहे, राग गेला का येईन आपोआप. माहेरी याले का आवतन लागते, भाऊ?"

मला राहवलं नाही. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. मी म्हटलं, "तुम्हीच म्हणालात ना त्यांना, या घराची पायरी चढू नको म्हणून. मेली माझी बहीण म्हणालात. ओट्यावर, सगळ्यांसमोर."

"मी?" दिनकर म्हणाला. त्यानं वहिनींकडे पाहिलं, हनीफभाईंकडे पाहिलं. दोघांनीही माना खाली घातल्या. "मी कवा म्हनलो असं?"

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं.